पेस्ट कंट्रोलचा रिव्ह्यू: झुरळं गेली, गोमेचं सांगतो

तालुक्याच्या गावातल्या एका पेस्ट कंट्रोलवाल्याचा हा रिव्ह्यू आहे. नाव टाकत नाही, कारण तक्रार आहे ती ऑफिसची अन तारीफ आहे ती फवारायला आलेल्या पोराची, नाव टाकलं की पहिले त्या पोराचंच काम जायचं. आमच्या दारव्हा-दिग्रसच्या पट्ट्यात घरी पेस्ट कंट्रोल बोलावणं म्हणजे अजून नवलाचीच गोष्ट आहे. पाठीवर पंप घेऊन कपाशी फवारणारी माणसं आपण, अन घरात फवारायला पैसे देऊन माणूस बोलावला म्हणून शेजारचे काका अजूनही मला पाहून हसतात. हसू द्या. ज्यांच्या घरी लहान पोट्टे आहेत अन रात्री न्हाणीत जाताना आधी दारातून टॉर्च मारून पाहावं लागते त्यांना उपयोगी पडेल म्हणून सगळं लिहून राहिलो.

स्टार आधीच सांगून टाकतो. झुरळांसाठी चार. गोमेसाठी एक. पोराला पाच. ऑफिसमध्ये फोन उचलतो त्याला द्यायला शून्याचं बटनच नाही.

आता गोम म्हणजे कोणती ते क्लिअर करतो, कारण अर्धा गोंधळ तिथंच आहे. आमच्याकडं तीन वेगळ्या किड्यांना लोक सर्रास गोमच म्हणतात. एक वाणी, कोणी पैसा म्हणते, मिरगाचा पाऊस झाला की सोयाबीन-कपाशीच्या कोवळ्या रोपांत दिसते, हात लावला की गुंडाळी करून पडते. ती कोणाला चावत नाही, कुजका पालापाचोळा खाणारी आहे, पण वावरात नुकतं उगवलेलं रोप कुरतडते तेव्हा दया येत नाही ते वेगळं. दुसरी घोण. जाड, चपटी, तांबूस काळपट, पायाच्या 21 जोड्या, दगडाखाली नाहीतर सरपणात राहते. हिला भ्यायलाच पाहिजे, चावली तर आग होते, सूज येते, माणूस रात्रभर झोपत नाही. साबणाच्या पाण्यानं धुवायचं अन लहान पोरगं असेल किंवा दम लागत असेल, घसा आवळल्यासारखा वाटत असेल तर मंत्र-तंत्राच्या नादी न लागता सरळ सरकारी दवाखाना गाठायचा.

अन तिसरी ती, जिच्यापायी मी पैसे मोजले. लांब पायाची, भिंतीवर सरसर पळणारी. अंग पाहाल तर इंच-सव्वा इंच, पण पाय असे लांब की बसली असली तर भिंतीला केसांचा गुंता चिकटल्यासारखी दिसते. पायाच्या 15 जोड्या, त्यातली शेवटची जोडी इतकी लांब की मिशाच वाटते, म्हणून तोंड कुठं अन शेपूट कुठं तेच समजत नाही, आपण चप्पल मारतो शेपटाच्या अंदाजानं अन ती पळते भलतीकडंच. आमच्या घरच्या पोट्ट्यानं यूट्यूबवर अमेरिकेतल्या लोकांचे व्हिडिओ दाखवले, त्यांच्या बेसमेंटमध्ये हीच असते अन तेही आपल्यासारखेच किंचाळतात. त्यांच्याकडच्या जातीचं नाव स्क्युटिजेरा कोलिओप्ट्राटा, मूळची भूमध्य समुद्राकडची, लिनियस नावाच्या शास्त्रज्ञानं 1758 मध्येच नोंदवलेली. आपल्याकडं त्याच घराण्यातल्या दुसऱ्या जाती पण आहेत. घरातल्या बाईमाणसाला जातीशी काही देणंघेणं नाही, पाय दिसले की बस झालं.

आमच्या घरात हिच्यावरून चार पार्ट्या झाल्या होत्या. आईची पार्टी चप्पलवाली. ती मारते, नेम पण चांगला आहे, पण होते काय की चार-पाच पाय फरशीवर पडून वळवळत राहतात अन गोम मोरीत पसार. संकट आलं की हे पाय ती स्वतःच सोडून देते, अन पुढं कात टाकली की पुन्हा फुटतात. गोमेचा एक पाय मोडला म्हणून ती लंगडी होत नाही असं आपल्याकडं म्हणतात ते कोणीतरी नीट पाहूनच म्हटलं असेल. आजीची पार्टी साखरेची. गोम अंगाला चिकटली तर ओढायची नाही, वरून साखर टाकायची, आपोआप सुटते, असं तिचं म्हणणं, म्हणून उशाशी साखरेची पुडी अन दोन्ही कानात कापूस. गोम काही चिकटली नाही कधी, पण त्या पुडीपायी खाटेला मुंग्यांची रांग लागली, तो खर्च वेगळाच. मिसेसची पार्टी म्हणजे "तुम्ही पहिले जा, पाहा, मग मी येते". अन पोट्टा मोबाइल घेऊन तिच्या मागं पळणार, तो एकटाच खूश.

काका म्हणाले कपाशीचं उरलेलं औषध मोरीत ओत, काम खतम. हे लय घरात करतात म्हणून सांगून ठेवतो, करू नका. 2017 मध्ये फवारणीच्या विषबाधेनं आमच्या यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या वर शेतकरी-मजूर गेले, ते खुल्या वावरात. बंद न्हाणीत, जिथं आपण उघड्या अंगानं आंघोळ करतो, तिथं तेच ओतायचं? कोणी कोणी अजून जुनं डायक्लोरव्हॉस शोधत फिरते, ते देशात 31 डिसेंबर 2020 पासून बंद आहे, कोणी काढून दिलं तरी घेऊ नका. आईनं तर तेव्हाच अट घातली होती की औषध कोणतं ते समजल्याशिवाय घरात नळी शिरणार नाही.

अन इथंच ऑफिसवाल्याशी वाजलं. फोनवर विचारलं, भाऊ गोमेचं होते का. म्हणे, "होते ना, सगळंच मरते." औषध कोणतं मारता? "कंपनीचं असते." कोणत्या कंपनीचं, नाव काय? "साहेब, घाबरू नका, वास नाही येत." अरे बाप्पा, वासाचं कोण विचारते! घरगुती फवारणी करणाऱ्याला 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली लायसन्स लागते, ते आहे का विचारलं तर "आहे ना, फ्रेम करून लावलं आहे", नंबर काही सांगितला नाही. रेट 1200 ठरला, नंतर गाव आत आहे म्हणून 300 वाढवले, तेही माणूस दारात उभा राहिल्यावर. टाइम दिला सकाळचा अन आला ऊन उतरल्यावर. घरच्यांनी सकाळपासून भांडी काढून ओट्यावर मांडून ठेवली होती, दिवसभर स्वयंपाक अंगणात. या सगळ्याचा मिळून तो शून्य स्टार.

पोरगा मात्र हिरा निघाला. बाइकवर मागं छोटा पंप बांधून आला, वय असेल पंचवीसच्या आतबाहेर. आल्याबरोबर पंप खाली ठेवून म्हणाला, "दादा, औषध मंग मारतो, पहिले मले ते दिसते कुठं ते दाखवा." अन आईनं विचारायच्या आतच बाटली काढून लेबल दाखवलं, डेल्टामेथ्रिन होतं. बाटलीवरचा तिकोना कोणत्या रंगाचा तो पाहायला सांगितला, लाल म्हणजे सर्वात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा, "काकू, लालवाल्याले घरात घुसूच नोका देऊ, कोणीबी आणो." आईचा चेहरा तिथंच सैल झाला. आजीनं चहा टाकायला सांगितला, म्हणजे पास.

मग टॉर्च घेऊन घरभर फिरला. न्हाणीत बसून मोरीचं भोक पाहिलं. आमचा पाइप सरळ बाहेरच्या नालीत निघतो, मधात काहीच नाही, ना पाण्याचा सील ना धड जाळी, म्हणजे नालीतल्या झुरळांना आमच्या घराचं दार चोवीस तास उघडं. मग कूलर. विदर्भात ज्याच्या घरी कूलर नाही असं घर दाखवा, अन आमचा तर खिडकीत कायमचाच बसलेला. त्याची टाकी झिरपते, खालची भिंत बारा महिने ओली, पोपडे सुटलेले, अन काढून फेकलेल्या जुन्या ताट्या (कूलरच्या बाजूंना लावतात त्या गवताच्या) तिथंच मागं कोंबलेल्या. त्यानं एक ताटी काडीनं उचलली तर खालून एक छोटी निघाली अन भिंतीच्या चिरेत गडप. मिसेस तिथून जे गेली ते चहा झाल्यावरच आली.

त्यानं जे समजावलं ते मला कृषी सहायकानं पण एवढं सोपं करून सांगितलं नसतं. म्हणे, दादा, ही इथं राहाले नाही आली, जेवाले आली. झुरळं, कोळी, वाळवी, कपाटातल्या कागदात राहणारी चंदेरी कसर, हेच तिचं खाणं. अन अंगाला विंचवासारखं मेणाचं कातडं नाही म्हणून तिचा ओलावा लवकर उडतो, मे महिन्यात बाहेर 45 डिग्री असताना ती जाणार कुठं, न्हाणी अन कूलरच. म्हणजे ओल अन झुरळं, या दोन गोष्टी आहेत तोवर कितीही फवारा, ही नाही तर हिची बहीण येईल. जेल लावून मरत नाही कारण जेल म्हणजे आमिष, झुरळ चाटते, ही जिवंत धरून खाते, चाटतच नाही. अन फवारून वाळलेलं औषध पण हिच्यावर कमीच चालते, अंगावर डायरेक्ट पडलं तर मरते, पण लांब पायाच्या टोकावर चालते, पोट जमिनीला टेकवत नाही. मी म्हटलं, मग तुमच्या ऑफिसवाल्यानं होते म्हणून काहून सांगितलं? तर हसला अन हातमोजे घालत घालत म्हणे, "तो कधी न्हाणीत बसला नाही ना दादा."

चावते का, हे आजीनं विचारलं. तोंडाखाली विषाचे दोन आकडे आहेत, मुळात पायच ते, पहिली जोडी, शिकार धरायला बदललेले. पण माणसाच्या अंगावर धावून येत नाही, हातात दाबून धरली तरच, अन तेव्हाही मधमाशी डसल्याएवढं, बहुतेकवेळा कातडीच्या आत पण जात नाही. कानाचं विचारलं तर म्हणाला कापूस घालून झोपायची गरज नाही, अन कोणाच्या कानात कोणताही किडा गेलाच तर काडी-पिन घालू नका, दवाखान्यात न्या. आजीनं मान डोलावली. कापूस काही काढला नाही.

कामाबद्दल. जेल इंजेक्शनसारख्या नळीतून लावली, सिंकखाली, गॅसच्या ओट्याच्या कोपऱ्यात, फ्रिजच्या मोटरजवळ, कपाटाच्या बिजागरीत, मोहरीएवढे थेंब, अन थेंबावरून पोछा मारू नका म्हणून दोनदा बजावलं. फवारणी फक्त चिरांत, मोरीभोवती, उंबऱ्याला अन बाहेरून जोत्याच्या कडेनं. मास्क, चष्मा, हातमोजे घालून, अन आम्हाला सगळ्यांना कोंबड्यांसकट बाहेर काढून. तुरीचे पोते ज्या खोलीत होते तिथं मी म्हटलं मार थोडं, तर ठाम नाही म्हणाला, धान्य आहे तिथं मारत नाही. विहिरीच्या बाजूनं पण गेला नाही, म्हणे हे मासोळीले लय वाईट असते, पाण्यात जाऊ द्यायचं नाही. पैसे देणाऱ्याला नाही म्हणणारा माणूस पाहिला की मला तरी भरोसा वाटते. सांदवाडीत भिंतीला टेकवून रचलेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्या, पाहून एवढंच म्हणाला की हे इथून हलवा, ही घोणीची कॉलनी आहे. वाणीचं विचारलं तर म्हणे तिच्यावर औषध वाया नोका घालवू, झाडूनं टोपल्यात भरा अन लांब फेकून द्या.

रिझल्ट सांगतो. झुरळांवर जबरदस्त. दुसऱ्या सकाळपासून उताणी पडलेली झुरळं झाडून काढता काढता मिसेसची कंबर गेली, अन किचनमध्ये रात्री लाइट लावला की जी पळापळ व्हायची ती बंद. इतकी वर्षं खडूच्या रेषा मारून जे नाही झालं ते जेलनं केलं. मुंग्यांना फरक मध्यम, साखरेची पुडी अजून जागेवर आहे तर दोष त्याला कसा देऊ.

गोमा मात्र फवारणीनंतर उलट जास्त दिसल्या. चिरांतून बाहेर निघाल्या असतील, काही मेलेल्या पण सापडल्या, पण बऱ्याच जिवंत. आईनं फोन केला तर ऑफिसवाला म्हणे, कार्ड पाहा, वॉरंटी झुरळ अन मुंगीची आहे, गोम त्यात येत नाही. कार्ड पाहिलं तर खरंच नव्हती. मग फोनवर हो कायले म्हटलं होतं, याला उत्तर नाही. हीच त्या 1500 रुपयांची खरी गोम.

फरक पडला तो पोरानं जाता जाता फुकटात सांगितलेल्या कामांनी. हार्डवेअरच्या दुकानातून नहाणी ट्रॅप आणला, म्हणजे मोरीच्या तोंडाशी बसवायचा तो वाटीसारखा भाग, त्यात पाणी साचून राहते अन खालून किडा वर येऊ शकत नाही, वरून बारीक भोकाची स्टीलची जाळी. मिस्त्रीची मजुरी धरून पेस्ट कंट्रोलच्या निम्म्याहून कमी लागले. घेताना जाळी उचलून पाहा, दुकानदार नुसती जाळी देतात अन ट्रॅप म्हणून सांगतात, खाली वाटी नसेल तर घेऊ नका. वापर नसलेल्या न्हाणीत त्यातलं पाणी सुकते, मधून मधून तांब्याभर ओतत जा. कूलरची टाकी वेल्डिंगवाल्याकडून झाळून घेतली, जुन्या ताट्या जाळल्या, भिंतीच्या चिरा व्हाइट सिमेंटनं भरल्या. पऱ्हाट्या गोठ्याच्या पलीकडं नेल्या, तिथं खालून दोन घोणी निघाल्या त्या कोंबड्यांनीच संपवल्या. खाणं संपलं, ओल गेली, तशी लांब पायवाली कमी कमी होत गेली, आता कधीमधी पावसाच्या झडीत एखादी दिसते.

तशीच एक मध्यंतरी रात्री न्हाणीच्या दाराजवळ दिसली. झुरळाचं पिल्लू धरून बसली होती, म्हणजे तोंडात एक अन पुढच्या पायांच्या वेढ्यात दुसरं, दोरीनं बांधल्यासारखं आवळलेलं. पोट्ट्यानं टॉर्च धरला, आम्ही सगळे दूर उभे. खाऊन झाल्यावर तिनं एक एक पाय तोंडाजवळ आणून मुळापासून टोकापर्यंत चोखून साफ केला, एक झाला की दुसरा, अजिबात घाई नाही. मिसेस पण पाहत राहिली, पहिल्यांदाच किंचाळली नाही. आई चप्पल हातात घेऊन उभी होती अन पोट्टा म्हणे आजी मारू नको ना, तर आई म्हणते, "खाऊन घेऊ दे तिले, मंग पाहू." मग ती जिन्याखाली गेली अन आईपण झोपायला गेली.

तर बोलवायचं का? झुरळं असतील तर बिनधास्त बोलवा, जेलवालं काम मस्त आहे. फक्त गोमेसाठी बोलवत असाल तर पैसे वाया, आधी मोरी अन कूलर पाहा. फोनवर ऑफिसवाल्याला औषधाचं नाव, लायसन्स नंबर अन गावाचा एक्स्ट्रा चार्ज तिन्ही आधीच विचारा, अन वॉरंटीत कोणते किडे येतात ते व्हॉट्सॲपवर लिहून मागा, तोंडी हो वर जाऊ नका. सकाळी येतो म्हणाले तर भांडी दुपारी काढा. अन दिवाळीच्या रंगरंगोटीआधी बोलवा, नंतर नाही, कारण चिरा भरायला भिंत उकरावीच लागते अन नवा चुना मारलेल्या भिंतीला मिस्त्रीनं छिन्नी लावली की घरात जे बोलणं खावं लागते त्याची वॉरंटी कोणीच देत नाही.